लाल गळ्याची नोंद

"सायेब, हे पाखरू आपल्या इकडचं नाय," उमराव हळूच म्हणाला आणि त्यानं हनुवटीनं पाणकणसांच्या बेटाकडे खूण केली. बोट तो कधीच दाखवत नसे. बोट उठलं की पाखरू दबते, असं त्याचं म्हणणं.

"निळ्या गळ्याचं असेल रे," मी म्हणालो. "दर हिवाळ्यात येतं ते."

"निळ्या गळ्याचं मले माईत नाय काय? हे येगळं हाय. तीन दिस झाले आयकून रायलो मी. आयका तुमी बी."

मी कान दिला. मला ऐकू आला तो टिटवीचा कालवा आणि पलीकडच्या मळ्यातल्या इंजिनाचा ठोका. मग उमरावनं जीभ टाळूला लावून एक बारीक शीळ घातली. दोन सूर वर, एक खाली, शेवटी जराशी खरखर. तो थांबला आणि बेटाच्या आतून तीच शीळ परत आली, तशीच्या तशी.

थोड्या वेळानं पाणकणसांच्या बुंध्याशी, चिखलावर, एक तपकिरी पाखरू दोन उड्या मारून उघड्यावर आलं. शेपटी उभारली, मान वर केली. गळा लाल! लाल म्हणजे कसा, नुकतं कुंकू लावावं तसा. डोळ्यावर पांढरी भुवई. मी दुर्बीण नीट करतो तोवर ते आत गेलंसुद्धा.

"पाह्यलं?"

"पाहिलं," मी म्हणालो.

हे चौऱ्याण्णव सालच्या डिसेंबरातलं. मी, मुरलीधर टाले, तेव्हा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो. वऱ्हाडातल्या बोरजळ तलावावर सरकारी क्वार्टरमध्ये एकटा राहायचो. बायको आणि दोन पोरी शाळेपायी अकोल्याला. पाणी किती चढलं, किती उतरलं, दरवाजा किती इंच उघडला, हे रोज वहीत मांडायचं माझं काम. ती मांडायची खोड पुढं पाखरांकडे वळली. तारीख, वेळ, जागा, वारा, पाखरू. अशा माझ्या बावीस वह्या भरल्या होत्या, आणि त्यात एक ओळ खोटी नव्हती. हे मी कोणालाही छाती ठोकून सांगायचो.

पुस्तकात या लाल गळ्याचे दोन भाऊबंद आहेत. एक हिमालयातला, त्याची छाती काळी आणि शेपटीत पांढरं. दुसरा सैबेरियात घरटी करणारा, थंडीत आसाम आणि त्याच्या पलीकडे उतरणारा. त्याची छाती राखी, शेपटीत पांढरं नाही. दोघांपैकी कोणालाच बोरजळला यायचं काही काम नव्हतं. वाट चुकलेला जीव तो. पण कोणता, हे छातीठोक सांगता येत नाही तोवर नोंद कसली आणि काय कसली! मी पाहिला तो गळा आणि भुवई. छाती कणसाच्या पात्याआड, शेपटी पाठीमागे.

आणि मला यावेळी चूक परवडणार नव्हती. दोन वर्षांपूर्वी मी असंच एक पाखरू पाहिलं होतं आणि पक्षिनिरीक्षकांच्या त्रैमासिकाकडे टिपण पाठवलं होतं. संपादकांचं कार्ड आलं: 'एकट्याने, दुरून पाहिलेले. पुराव्याअभावी नोंद स्वीकारता येत नाही.' एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण त्या वर्षीच्या संमेलनात जेवणाच्या पंगतीत एक प्राध्यापक मोठ्यानं म्हणाले, "टाले, तुमच्या तलावावर पेंग्विन कधी येतोय?" साठ माणसं हसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ताट तसंच सोडून उठलो आणि रात्रीच्या गाडीनं परत आलो. मी पहिल्यापासून नाकावर राग असलेला माणूस. तो अपमान मी दोन वर्षं रोज उगाळत बसलो होतो.

उमराव सोळंके हा फासेपारधी. तलावाच्या भिंतीखाली त्यांचा बेडा होता, दहा-बारा झोपड्यांचा. त्याची माझी ओळखही गमतीनंच झाली. एकदा मी झुडपात तित्तर ओरडताना ऐकला, म्हणून गुडघ्यावर सरपटत अर्धा तास त्याच्या मागे गेलो, आणि झुडपाआड सापडला हा उमराव, तोंडानं तित्तर बोलावत बसलेला. दोघंही पोट धरून हसलो. तेव्हापासून माझ्या वह्यांमधलं निम्मं त्याच्या कानांनी ऐकलेलं आहे. असा कान मी दुसरा पाहिला नाही.

पण आदल्या वर्षी तो आठवडी बाजारात चौदा लावऱ्यांसकट धरला गेला होता. न्यायाधीशानं दया दाखवली. तीन वर्षं पाखराला हात लावायचा नाही, असं त्याच्याकडून बंधपत्र लिहून घेऊन सोडून दिलं. पुन्हा हातात फासा किंवा जाळं दिसलं तर सरळ तुरुंग. घरात जुने फासे होते ते वनखात्यानं जाळले. मी त्याला कालव्याचा गाळ काढायच्या कामावर लावून घेतलं. त्यावर तो, त्याची बायको सुना आणि त्याची म्हातारी आई, अशी तिघं तगून होती.

पाच सकाळी आम्ही त्या बेटासमोर बसलो. पाच सकाळी गळा, भुवई, आणि गेला. माझा कॅमेरा असा की वीस पावलांवरची म्हैससुद्धा ठिपका दिसायची. सहाव्या दिवशी मी शब्द टाकला.

"उमराव, हा हातात आला पाहिजे."

त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. "नाय सायेब."

"एक मिनिट फक्त. छाती पाहायची, शेपटी पाहायची, फोटो काढायचा, सोडायचा."

"जाळं हाती धरलं तं मी गेलो. तुमाले माईत हाय."

दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. "नाय म्हटलं नं," तो म्हणाला आणि उठून चालायला लागला. तेव्हा मी खिशातून ते संपादकांचं कार्ड काढलं. बाळगतच होतो मी ते, वेड्यासारखा. त्याला वाचून दाखवलं. पेंग्विनचंही सांगितलं. पेंग्विन म्हणजे काय ते त्याला कळलं नाही, पण हसणं कळलं.

"तुमाले खोटं म्हंतेत?" तो थांबून म्हणाला. "आमचं कोणी खरं मानत नाय, ते समजते. कोंबडी चोरीले गेली का पयले आमच्या बेड्यात येतेत. पण तुमी तं शिकेल मानूस हाय."

"शिकलेल्यालाही म्हणतात रे."

तो खो-खो हसला. "मंग आपन दोघंबी सारखेच झालो."

संध्याकाळी मी बेड्यावर गेलो. सुनाबाई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी टाकत होती. तिला नवऱ्यानं सांगितलं असणार, कारण तिनं मला बसायला गोणपाट टाकलं नाही.

"अजी सायेब," ती म्हणाली, "तुमच्या वहीत एक पाखरू जास्त झालं तं काय भेटते तुमाले?"

तिनं पुढची भाकरी तव्यावर टाकली.

"आन कमी झालं तं काय जाते?"

"सुनाबाई, कोणाला कळणार नाही. पाच मिनिटांचं काम आहे. मी स्वतः जवळ असणार."

"तुमी जवळ असान. धरून नेतीन ते ह्याले नेतीन. तुमाले कोन नेते?"

"काही झालंच तर मी उभा राहीन. माझा शब्द आहे."

तिनं भाकरी उलटली. मग वर पाहून विचारलं, "उभे रायसान?"

"राहीन."

"घ्या मंग, गरम हाय," असं म्हणून तिनं अर्धी भाकरी आणि मिरचीचा ठेचा माझ्या हातावर ठेवला. मी तो तिथंच खाल्ला. तिखटानं डोळ्यांतून पाणी आलं तशी ती हसली.

मग उमरावही तयार झाला. जाळं मी आणलं. तलावात मासे धरणाऱ्या भोयाकडून, कोथिंबिरीच्या वाफ्याला लावायचंय असं सांगून, बारीक दोऱ्याचं मागून घेतलं. पांढरं होतं, उमरावनं ते रात्रभर बाभळीच्या सालीच्या पाण्यात बुडवून तपकिरी केलं. फासा लावला असता तर पाखराचा पाय मोडला असता, असं तो म्हणाला. जाळ्यातच नीट राहील.

सोळा डिसेंबर. सकाळी सात वाजून वीस मिनिटं. दोन बेटांच्या मधल्या फटीत त्यानं जाळं असं लावलं की ते कुठं आहे हे मलाही सांगता येईना. मग बाजूला उकिडवा बसला आणि शीळ घातली. उत्तर आलं. पुन्हा घातली. पाखरू चिखलावर आलं, थबकलं, फटीतून उडालं आणि जाळ्याच्या झोळीत अलगद पडलं. मी श्वास सोडायच्या आत उमरावनं ते दोऱ्यांतून मोकळं केलं होतं. मान दोन बोटांच्या बेचक्यात, पाठ तळव्यावर. असं धरायला मोठमोठ्या शास्त्रज्ञांना महिना-महिना शिकवावं लागतं. याला कोणी शिकवलं होतं?

"पाहा," तो म्हणाला, "काळीज कसं उडून रायलं त्याचं."

पंख मोजला: शहात्तर मिलिमीटर. शेपटी साठ. छाती राखी. मग उमरावनं हलकेच शेपटी पंख्यासारखी उलगडली आणि मी डोळे फाडून पाहिलं. पांढरं कुठंच नव्हतं. सैबेरियाचाच होता तो! उमरावच्या मुठीतल्या त्या पाखराचे मी सहा फोटो काढले, आणि सांगायला लाज नाही, रडलो.

"सोडू?"

"सोड."

त्यानं मूठ उघडली. पाखरू क्षणभर तळव्यावरच बसून राहिलं. "जाय बापा," उमराव त्याला म्हणाला, "घर लंबं हाय तुहं." आणि ते गेलं.

जाळं गुंडाळून त्यानं माझ्यापुढं धरलं. "तुझ्याकडेच ठेव," मी म्हणालो, "माझ्या क्वार्टरवर साहेबलोक तपासणीला येतात. नंतर नेतो." नंतर म्हणजे कधी, ते दोघांनीही ठरवलं नाही.

टिपण लिहायला मला तीन दिवस लागले. ज्यानं पाखरू दाखवलं त्याचं नाव गाळणारा माणूस चोर, अशी आमच्यात शिकवण. थोर थोर लोक शिकाऱ्यांची, धनगरांची नावं गाळतात आणि श्रेय लाटतात, याची मला भारी चीड. मी तसं करणार नव्हतो. मी लिहिलं: 'दि. १६ डिसेंबर १९९४ रोजी बोरजळ तलावाच्या पूर्व काठी, तेथील बेड्यावरील फासेपारधी श्री. उमराव सोळंके यांनी जाळ्यात पकडलेला नर पक्षी लेखकाने तपासला.' त्याच्या नावाला श्री. लावला मी! त्याच्या नावामागे श्री. लावणारा जगातला पहिला माणूस मीच, याचा मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू.

फेब्रुवारीच्या अंकात टिपण आलं, फोटोसकट. संपादकांनी खाली स्वतः ओळ घातली: 'नोंद निर्विवाद आहे.' संमेलनात त्या प्राध्यापकानं उठून माझा हात हातात घेतला. माझा जीव भांड्यात पडला. अंक घेऊन मी गाळाच्या कामावर गेलो आणि उमरावला बाजूला घेतलं.

"हे बघ. तुझं नाव छापून आलंय."

त्यानं अंक हातात घेतला, उलटा. मी सुलटा करून दिला. "नाव काहून टाकलं?"

"अरे, मान आहे तो."

"कोन वाचते हे?"

"आमच्यासारखे दोनशे वेडे. दुसरं कोण?"

त्यानं फोटोवर अंगठा फिरवला. पाखरू होतं, आणि पाखराभोवती त्याची मूठ. "हात चांगला आला," तो म्हणाला. पण अंक घरी नेला नाही, मलाच परत दिला.

दोनशे वेड्यांपैकी एक वनखात्यात होता. मोठ्या हुद्द्यावर नवा बदलून आलेला, तरुण, पाखरांचा खराखुरा शौकीन. एप्रिलात त्याची जीप क्वार्टरसमोर थांबली. उतरताच त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. "टाले, काय दांडगी नोंद हो! मी तीनदा वाचली." मी चहा टाकला. त्याला जागा दाखवली, फुटपट्टी दाखवली, वह्या दाखवल्या. असा तासभर माझ्याशी माझ्या भाषेत बोलणारा माणूस मला तिथं बारा वर्षांत भेटला नव्हता.

दुसरा कप घेताना त्यानं विचारलं, "हे सोळंके म्हणजे गेल्या वर्षीच्या लावऱ्यांच्या केसमधले?"

"असतील."

"मग बंधपत्रावर आहेत ते." त्यानं कप खाली ठेवला. "पकडायला परवानगी कोणाची होती?"

मी फुटपट्टी उचलून बाजूला ठेवली.

"टाले, तुम्ही पकडायला सांगितलं असेल तर तसं सांगा," तो म्हणाला. धमकी नव्हती त्यात. उलट समजूत घातल्यासारखं बोलत होता. "त्याला बरंच हलकं जाईल. तुमच्याबद्दल मात्र मला वर लिहावं लागेल. सरकारी नोकर आहात."

निलंबन, चौकशी. दोन पोरी, थोरली दहावीला. आणि दुसरंही एक होतं, तेही सांगतो, कारण आता लपवून काय करू? परवानगीशिवाय पाखरू पकडवलं असं ठरलं तर त्रैमासिक ती नोंद रद्द करणार. पुन्हा साठ माणसं हसणार.

"त्यानं आणून दिला," मी म्हणालो. "मी फक्त तपासला. टिपणात तसंच लिहिलंय."

"हो, तसंच लिहिलंय," तो म्हणाला. चहा अर्धा टाकून गेला.

टिपण लिहिताना मी तीन दिवस घेतले, ते याच एका वाक्यासाठी. पंख, शेपटी, छाती, सगळं अर्ध्या तासात उतरलं होतं. 'लेखकाच्या सांगण्यावरून' हे शब्द मी आधी लिहिले, मग खोडले. पुन्हा लिहिले, पुन्हा खोडले. उमरावच्या नावाला श्री. लावला तो त्यानंतर.

दुसऱ्याच दिवशी त्याला नेलं. झोपडीत गोधडीखाली जाळं सापडलं. जामीन राहायला त्याला कोणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सुनाबाई क्वार्टरवर आली. पायरीवरच उभी राहिली. "सायेब, तुमी शबुद देला होता."

"आहे माझ्या लक्षात. मी पाहतो काय करता येईल ते."

"पाहू नका, सांगा. त्या बड्या सायबाले सांगा का म्या लावलं होतं म्हनून. तुमचं आयकतीन ते."

"आता ते कोर्टात सांगावं लागेल, सुनाबाई."

"कोर्टात सांगसान?"

"सांगीन."

तिनं पदरानं तोंड पुसलं, वाकून मला नमस्कार केला आणि गेली. त्यानंतर ती कामावर मला रोज दिसायची. उमरावच्या जागी ती गाळाची टोपली उचलायची. एकदाही तिनं मला त्याबद्दल विचारलं नाही. शब्द दिलेला माणूस म्हणूनच ती माझ्याकडे पाहायची.

साक्षीला नोव्हेंबर उजाडला. सरकारी वकिलानं अंक माझ्या हातात दिला. टिपण तुम्हीच लिहिलं? हो. यातला मजकूर खरा आहे? हो. पाखरू आरोपीनंच पकडलं? हो. मग उमरावचा वकील उठला. सरकारनंच दिलेला, नवखा, मिसरूडही नीट न फुटलेला.

"साहेब, माझ्या अशिलाचं म्हणणं आहे की तुम्ही त्याला पाखरू धरायला सांगितलं. त्यानं दोनदा नकार दिला. जाळंही तुम्हीच आणलं. खरं आहे का?"

उमराव पिंजऱ्यात उभा होता. दाढी वाढली होती, पण माझ्याकडे पाहताना चेहरा मोकळा होता. त्याला खात्रीच होती माझी.

"नाही," मी म्हणालो.

"तिन्ही गोष्टी खोट्या?"

"खोट्या."

न्यायाधीशांनी लिहून घेतलं. मी उमरावकडे पुन्हा पाहिलं नाही.

बाहेर आलो तर लिंबाखाली सुनाबाई बसलेली. तिच्या अंगात ताप होता, म्हणून ती आत आली नव्हती. मला पाहताच उठली, झाडाला धरून.

"सांगतलं सायेब?"

आजूबाजूला माणसं होती, वकील होते. पण तेही खरं कारण नाही. तिच्या तोंडाकडे पाहून माझी छातीच झाली नाही.

"सांगितलं," मी म्हणालो.

"देव भलं करो तुमचं," ती म्हणाली.

पुन्हा तोच गुन्हा आणि वर बंधपत्र मोडलं, म्हणून दोन वर्षांची शिक्षा झाली. तो आत असतानाच पुढच्या पावसाळ्यात सुनाबाई काविळीनं गेली. बेड्यावरची चार माणसं तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली होती; मी त्या आठवड्यात अकोल्याला होतो. उमरावला तुरुंगात अकरा दिवसांनी कळलं. त्याच्या आईला तिचा भाचा घेऊन गेला आणि झोपडी पडली.

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात, सकाळी मी पातळी लिहून परत येत होतो, तर उमराव क्वार्टरच्या पायरीवर बसलेला. केस पिकलेले, गालफडं बसलेली. मी जागच्या जागी उभा राहिलो. मारणार असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"सायेब," तो म्हणाला, "ते कागद हाय काय तुमच्यापाशी? माहं नाव हाय ते."

"आहे."

"वाचून दाखवा. दोन वर्सं त्याच्यापायी काढली, पन त्यात काय लिवलं ते म्या आयकलंच नाय."

मी आतून अंक आणला. त्याच्याशेजारी बसून वाचलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. तारीख, तलाव, त्याचं नाव, जाळं, पंख शहात्तर, शेपटी साठ, छाती राखी, नोंद निर्विवाद. त्यानं मान खाली घालून सगळं ऐकलं.

"झालं?"

"झालं."

"माहं नाव हाय, बेड्याचं हाय, पाखराचं तं हायच," तो म्हणाला. "तुमी कोठी हाय यात?"

"खाली आहे ना. लिहिणारा म्हणून."

"तसं नाय. त्या सकायी तुमी कोठी होते?"

अंक माझ्या मांडीवर उघडा पडला होता. उत्तरासाठी तो थांबला नव्हता. तो तलावाकडे पाहत होता.

"सुना एकडाव भेटाले आलती जेलात," तो म्हणाला. "मरायच्या दोन मयने अगुदर. म्हने, टालेसायबानं सारं सांगतलं होतं, पन जज्जानं आयकलं नाय. मले म्हने, बायेर आलात का त्याह्यच्या पाया पडा. गरिबासाठी उभा रायला मानूस."

"मग तू... काय सांगितलंस तिला?"

"काय सांगू?" तो उठला, धोतर झटकलं. "व्हय म्हटलं. तिच्यासाठी एक तं मानूस राहू द्या म्हटलं चांगला."

आणि वाकून त्यानं माझ्या पायांना हात लावला. तिनं सांगितलं होतं म्हणून. मी पाय मागे घ्यायच्या आत तो पायरी उतरून भिंतीच्या दिशेनं चालायलाही लागला.

मी त्याला हाक मारली नाही. कोर्टात जाऊन खरं सांगता आलं असतं, तेव्हाही. पण नोकरीची अजून अकरा वर्षं बाकी होती, आणि ती मी पुरी केली.